झोपवलेलं मशीन

४ सप्टेंबर

भाऊजी,

पत्र बघून दचकू नका. घरी सगळे धडधाकट आहेत. बिघडलंय ते शाळेतलं मशीन.

दाराजवळचं, तुमचं. सोमवारी सकाळी मी खोली उघडली, झाडून घेतली, कव्हरं काढली, बाराही मशीनं चालू केली. लिनक्स सगळ्यांवर नीट आलं. मग दाराजवळच्या मशीनवर त्या निळ्या चौकोनावर दोनदा टिचकी मारली, ज्याच्या आत तुम्ही तो जुना कॉम्प्युटर ठेवलाय. तर तो उघडेना. एक चौकट आली, आत इंग्रजी. बंद केली, परत टिचकी मारली, परत तीच. चार दिवस झाले, माझं डोकं भणभणतंय.

फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर काही ऐकू येत नाही. मागच्या वेळी मी पाऊण तास ओरडत होते आणि तुम्ही मला हवापाणी सांगत बसलात. मोबाईलवर लिहायला माझी बोटं जाड. त्यापेक्षा हा कागद बरा, चौथीपर्यंत शिकलेलं कधी कामाला यायचं.

तुम्हाला आठवतं का, मी विचारलं होतं, कॉम्प्युटरच्या पोटात आणखी एक कॉम्प्युटर कशाला? तुम्ही म्हणालात, ताईने श्रुतलेखनाचे धडे ज्या प्रोग्रामात बोलून ठेवलेत तो जुन्या सिस्टीमशिवाय चालत नाही, आणि जुनी सिस्टीम आता नव्या मशीनवर बसत नाही. म्हणून लिनक्सच्या आत तिच्यापुरतं एक खोटं मशीन बांधलं. मी म्हटलं, म्हणजे सासूबाईंना वेगळी खोली काढून दिली. तुम्ही हसला नाहीत. ताई हसली.

आता मोठ्या बाई नव्या आल्यात. बाई वाईट नाहीत, पण घाईच्या. म्हणाल्या, श्रुतलेखनाशिवाय या खोलीत दुसरं काही होत नाही, आणि तेही बंद पडलंय, मग खोली कशाला अडवायची? पंधरा ऑक्टोबरपर्यंत चालू झालं तर ठीक, नाहीतर बाराही मशीनं भंगारात आणि खोलीत खेळाचं सामान. ताईचे चाळीस धडे आहेत आत. फोटो आहेत ढीगभर, पण तिचा आवाज त्या मशीनशिवाय आख्ख्या जगात कुठे नाही. तो भंगारवाल्याच्या गाडीवर गेला तर मी शाळेत पाय ठेवायची नाही, सांगून ठेवते.

कोणीतरी काहीतरी दाबलं असणार. पोरं, दुसरं कोण.

चौकटीतलं इंग्रजी मागच्या पानावर उतरवलंय. मला वाचता येत नाही, जसं दिसलं तसं काढलंय. काय करायचं ते लवकर लिहा.

धाकटी


१० सप्टेंबर

प्रिय धाकटी,

तुझं पत्र काल मिळालं. अक्षरं तू चित्रं काढावीत तशी काढली आहेस, पण सगळी ओळखू आली. एकच उलटं आहे.

घाबरू नकोस. लिनक्सचा जो मूळ गाभा असतो, त्याची नवी आवृत्ती बसली आहे. ती आपोआप बसत नाही. स्क्रीनवर अधूनमधून जी नारिंगी चौकट येते आणि जिला 'नंतर' म्हणायचं असं मी सांगून आलो होतो, तिला कोणीतरी 'हो' म्हटलं. आतल्या मशीनला बाहेरच्या मशीनशी जोडणारा एक दुवा असतो. गाभा बदलला की जुना दुवा बसत नाही, नवा बांधून घ्यावा लागतो. चौकट तेच सांगते आहे.

सोबत चिठ्ठी आहे. वर लिहिलेल्या तीन कळा एकदम दाबल्या की काळी खिडकी उघडेल. तिच्यात चिठ्ठीवरची इंग्रजी ओळ जशीच्या तशी टाइप कर. शब्दांमध्ये मी जिथे फुली केली आहे तिथे फक्त जागा सोडायची. मग ते पासवर्ड मागेल. तो टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटणार नाही, तरी थांबू नकोस. पासवर्ड तोच, आपल्या जुन्या घराचा नंबर दोनदा. नंतर पाचेक मिनिटं ओळी पळत राहतील. पळू देत.

दुवा बसल्यावर निळा चौकोन उघडून बघ. बहुधा आणखी एक चौकट येईल. तिच्यावर काहीही दाबू नकोस, मजकूर उतरवून मला पाठव.

आणि एक. मशीनचा फोटो काढून आमच्या चिरंजीवांच्या मोबाईलवर पाठवू नकोस. त्यांच्यामागे कामाचा व्याप फार आहे.

इथे बरं चाललं आहे. सातव्या मजल्यावर राहतो. सकाळी घंटा होत नाही त्यामुळे दिवस कुठून सुरू करायचा ते कळत नाही. साडेसातला मी उगीचच शर्ट घालून तयार होतो. सूनबाई विचारतात, "बाबा, कुठे निघालात?" मी म्हणतो, "कुठे नाही."

तुझा,
भाऊजी


१७ सप्टेंबर

भाऊजी,

फुली करून जागा दाखवायची ही कुठली पद्धत? मी फुल्यासुद्धा टाइप केल्या. इंग्रजीत फुलीचं अक्षर असतं, ते मला कीबोर्डवर दिसलं, मी दाबलं. तीनदा तेच केलं. मशीन तिन्ही वेळा काहीतरी बडबडून गप्प बसलं. चौथ्यांदा चिठ्ठी वाचली तेव्हा तुमचं वाक्य नीट कळलं. पासवर्डाचंही तसंच. काही दिसेना म्हणून मी कळा जोरात दाबल्या, जणू बहिऱ्याशी बोलतेय. मग ओळी पळायला लागल्या. मी स्टूल घेऊन समोर बसले आणि शेवटची ओळ थांबेपर्यंत हलले नाही. मोठ्या बाई दारातून डोकावल्या, म्हणाल्या, "मावशी, तुम्ही हे काय करताय?" मी म्हटलं, "दुवा बांधतेय." त्या आल्या तशा गेल्या. मला बरं वाटलं.

दुवा बसला. पहिली चौकट गेली. पण तुम्ही म्हणालात तसंच झालं, दुसरी आली. खाली दोन बटणं आहेत. उतरवून पाठवतेय, उलटं सुलटं तुम्ही बघा. काही दाबलं नाही.

मला एक कळलं नाही, दुसरी चौकट येणार हे तुम्हाला आधीच कसं ठाऊक?

स्टुलावर बसल्या बसल्या ती खोली तयार केली ते दिवस आठवले. सुट्टी होती, शाळेत आपण तिघंच. तुम्ही बाकांखाली आडवे होऊन वायरी ओढत होता आणि आतून ओरडत होता, "ढिली सोड, ढिली सोड!" मी ढिली सोडली की म्हणायचात, "एवढी नको." ताई तेव्हा टेबलावर बसून शब्दांची यादी करत होती. आणि आवाज घुमतो म्हणून आपण घरातल्या रजया आणून खिडक्यांना टांगल्या होत्या. तुमच्या लग्नातली ती जांभळी रजईसुद्धा. ताई त्या रजयांमध्ये घुसून माईकसमोर बसायची आणि घामाघूम होऊन बाहेर यायची. मी बाहेर व्हरांड्यात उभी, कोणी पाय वाजवत आलं तर दटावायला. सुट्टीत कोण येणार होतं? एक मांजर आली, तिला दटावलं.

पहिल्या धड्याला आख्खा दिवस गेला. वाजवून बघितला तर ताई म्हणाली, हा माझा आवाज नाहीच, ही कोण बया बोलतेय? तुम्ही म्हणालात, मी पंधरा वर्षं हीच बया ऐकतोय.

माझी नोकरी ताईने लावली. माझा नवरा सोडून गेला तेव्हा तिने मला खोलीची किल्ली दिली आणि म्हणाली, आजपासून ही तुझी. तेव्हा कुठे माझ्याकडे दार लावण्यासारखं काही होतं.

उत्तर लवकर पाठवा. तारीख जवळ येतेय.

धाकटी


२३ सप्टेंबर

प्रिय धाकटी,

मांजर मला आठवते. तू तिला दटावल्यावर ती आत आली आणि रजईवर झोपली.

दुसऱ्या चौकटीचा मजकूर वाचला. तिची अनेक कारणं असू शकतात. आपण एकेक तपासू. पहिलं, मशीनमधली जागा भरली असेल तर आतला कॉम्प्युटर उठत नाही. सोबतच्या पहिल्या चिठ्ठीप्रमाणे जुन्या, नको त्या फायली काढून टाक. दुसरं, मशीन चालू होताना वरच्या रांगेतली दुसरी कळ दाबून धरली की एक निळा पडदा येतो. त्यात एक ओळ आहे, ती 'चालू' वर आहे का बघ. ती बंद असेल तर पोटातलं मशीन मुळी चालतच नाही. तिसरं, आतल्या मशीनला दिलेली मेमरी थोडी कमी करून बघ. चिठ्ठी तिसरी.

घाई करू नकोस. दिवसाला एक याप्रमाणे कर. चौकटीतली ती दोन बटणं मात्र अजिबात दाबायची नाहीत.

तू मला विचारलं आहेस की दुसरी चौकट येणार हे आधी कसं कळलं. अनुभवाने.

तुझ्या पत्रामुळे मलाही एक दिवस आठवला. वीज गेली होती आणि बॅटरीच्या डब्याचा बीप सुरू झाला. तू मशीन झोपवायला धावलीस. मी तुला आधी शिकवलं होतं, फुलीवर दाबायचं, तीन गोल येतात त्यातला पहिला निवडायचा, झोपवायचं, बंद करायचं नाही. तू इतकी घाबरली होतीस की तो पहिला गोल तुला सापडेना. मी तुझ्यावर ओरडलो. त्या खोलीतल्या चौदा वर्षांत तेवढा एकदाच. नंतर मला फार वाईट वाटलं, पण मी काही बोललो नाही. आता बोलतो. चुकलं माझं.

तुझा,
भाऊजी


३० सप्टेंबर

भाऊजी,

तीन चिठ्ठ्या झाल्या. दिवसाला एक केली, तुम्ही सांगितलं तशी. जागा भरपूर आहे. निळ्या पडद्यातली ओळ चालूच आहे. मेमरी कमी केली, वाढवली, परत होती तेवढी केली. चौकट जागची हलली नाही.

मोठ्या बाईंनी काल खेळाचं सामान व्हरांड्यात आणून ठेवलं. चेंडूंची जाळी माझ्या दाराला टेकवली. मला दार उघडायला ती रोज बाजूला करावी लागते. म्हणाल्या, "मावशी, अजून पंधरा दिवस आहेत तुमच्याकडे." म्हणजे मोजतायत.

मग मी फोटो काढला. होय, काढला. आणि तुमच्या चिरंजीवाला पाठवला. त्याच्या कामाचा व्याप बघा: दोन मिनिटांत उत्तर आलं. "मावशी, दोन बटणांतलं उजवीकडचं दाबा, जुनी स्थिती टाकून द्या, लगेच चालू होईल. बाबांना विचारा, त्यांना माहीत आहे."

बाबांना माहीत आहे.

भाऊजी, मी चौथी पास आहे, पण मूर्ख नाही. तुम्ही मला तीन आठवडे नाचवताय. जागा बघ, पडदा बघ, मेमरी बघ. मला वाटलं, बिचारे लांब बसून मशीनचा विचार करतायत. तुम्ही विचार करत होतात तो मला कसं टाळायचं याचा. इथे ताईचे चाळीस धडे व्हरांड्यातल्या चेंडूंच्या मागे अडकलेत आणि तुम्हाला एक बटण सांगायला जड जातंय.

काय आहे त्या जुन्या स्थितीत? खाली पट्टीवर एक बारीकशी खिडकी कायम दुमडलेली असायची. तुम्ही म्हणायचात ती उघडायची नाही, ते सिस्टीमचं काम आहे. मी कधी उघडली नाही. तुम्ही निवृत्त होऊन गेल्यावरही नाही. रोज दुपारी घंटेच्या आधी मशीन झोपवलं, सकाळी उठवलं, ती खिडकी तिथेच. तिचंच काहीतरी आहे ना?

खरं लिहा. गोलमाल लिहिलंत तर मी उत्तर वाचायची नाही, सरळ दाबून मोकळी होईन.

धाकटी


५ ऑक्टोबर

प्रिय धाकटी,

हो. माहीत होतं. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच.

त्या दिवशी मी खालच्या वर्गात सातवीला शिकवत होतो. तुझी ताई दारात आली. म्हणाली, "मला बरं वाटत नाही, मी घरी जाते. मशीन तसंच राहू दे, मी उद्या बघते." मी मुलांसमोर होतो. नुसती मान हलवली. तास संपायला वीस मिनिटं होती म्हणून मी तिला पोचवायला गेलो नाही. पुढचं तुला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी ती गेली.

आठवड्याने मी खोलीत गेलो. तू मशीन झोपवून ठेवलं होतंस. उठवलं तर आवाज भरण्याची खिडकी उघडी होती. एक्केचाळिसावा धडा. तीन मिनिटं बारा सेकंद, जतन न केलेला. मी ती खिडकी दुमडून खाली ठेवली. तसंच राहू दे म्हणाली होती, तसंच ठेवलं.

तू विचारशील, एक बटण दाबून जतन का केलं नाही. एकदा दाबलं होतं. मशीनने नाव विचारलं. धड्यांना नावं ती घालायची, मी कधीच नाही. पंधरा मिनिटं बसलो आणि 'रद्द' दाबलं. मला वाटायचं, नाव घातलं की तो धडा पुरा झाला. आणि पुरा झाला की ती उद्या येऊन बघण्यासारखं काही उरत नाही. हे लिहिताना मला ते किती वेडेपणाचं आहे ते दिसतं. शाळेत असताना दिसत नव्हतं.

वाजवूनही पाहिला नाही. एकदाही नाही. निवृत्तीच्या दिवशी वाजवायचा असं ठरवलं होतं. त्या दिवशी हार, भाषणं, खोलीत माणसं. राहिलं.

आता मशीनचं. आपण मशीन झोपवतो तेव्हा ते त्या क्षणी जे जे उघडं आहे ते सगळं एका फायलीत लिहून ठेवतं. नारिंगी चौकटीमुळे पोटातलं मशीन चालवणारं सॉफ्टवेअरही बदललं, आणि नव्याला जुन्याने लिहिलेली ती फाईल वाचता येत नाही. ती फेकली की मशीन पहिल्यापासून सुरू होईल. चाळीस धडे जतन केलेले आहेत, त्यांना काही होणार नाही. उघडं होतं ते जाईल.

मी तुला नाचवलं. जुनं सॉफ्टवेअर कुठून मिळवता येईल का ते शोधत होतो. इथल्या वाचनालयात जाऊन बसायचो. मिळालं नाही.

पंधरा तारीख मला माहीत आहे. तू ठरव असं लिहिणार होतो, पण ते तुझ्यावर ढकलणं झालं. म्हणून माझं जे आहे तेच लिहितो. मला अजून थोडे दिवस दे.

भाऊजी


११ ऑक्टोबर

भाऊजी,

दिवस द्यायला माझ्याकडे नाहीत. तुमचं पत्र काल दुपारी आलं. मी ते खोलीत, कव्हरं घातलेल्या मशीनांमध्ये बसून दोनदा वाचलं. आज सकाळी दाबलं. तुमची परवानगी घ्यायला वेळ नव्हता, आणि असता तरी घेतली नसती. का ते सांगते. शिव्या घालायच्या तर पूर्ण वाचून घाला.

आधी एक कबुली. नारिंगी चौकटीला 'हो' मीच म्हटलं. पोरांवर ढकललं ते खोटं. रोज येऊन उभी राहायची, रोज 'नंतर' म्हणायचं, त्या दिवशी मला घाई होती, म्हटलं घे बाई एकदाचं काय हवं ते.

आता मोठी कबुली. चार वर्षं मी तुम्हाला सांगितली नाही, कारण तुम्ही विचारलं नाही, आणि मला वाटायचं तुम्हाला ठाऊक असेल तर तुम्ही मनातून माझा राग करत असाल.

त्या दिवशी ताई धडा भरत होती तेव्हा मी खोलीत होते. व्हरांड्यात नाही, आत. फरशी पुसत होते. ताई म्हणाली, आवाज करणार नसशील तर थांब, बाहेर ऊन आहे. रजया तेव्हा टांगलेल्या नव्हत्या, ती शेवटी शेवटी तशीच बसायची. शब्दांची यादीही करत नव्हती. म्हणायची, चाळीस धडे झाले, आता डोळ्यांसमोर दिसेल ते सांगते. खोलीभर नजर फिरवायची आणि एकेक शब्द सांगायची, तिच्या त्या पद्धतीने, एकदा हळू, एकदा सरळ. सात शब्द झाले. आठव्याला ती तोंड उघडते न उघडते तोच माझी बादली बाकाच्या पायाला लागली आणि आडवी झाली. केवढा आवाज. पाणी तिच्या चपलांपर्यंत.

ती आधी कपाळाला हात लावून बसली. मग हसायला लागली. म्हणाली, "अगं माझे आई, गेला ना धडा वाया. यात आता तुझी बादलीच ऐकू येणार." मी म्हटलं, "पुसून टाक आणि परत भर." ती म्हणाली, "आज नको, मला कसंतरीच होतंय. उद्या येऊन हा पुसते आणि नव्याने करते." आणि उठली. मी तिला दारापर्यंत सोडलं. ती तुमच्या वर्गाकडे गेली, तुम्हाला म्हणाली तसंच राहू दे, उद्या बघते.

म्हणजे तिला तो पुसायचाच होता, भाऊजी. तुम्ही चार वर्षं जपलात तो ताईने टाकून दिलेला कागद होता. तिने तुमच्यासाठी त्यात काही ठेवलं नव्हतं. असतं तर मी मेले तरी दाबलं नसतं. एक्केचाळिसावा धडा म्हणजे सात शब्द, माझी बादली आणि आमचं हसणं. आमचं हसणं मात्र त्यात असणार. ते गेलं. त्याचं मला वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू. दाबायच्या आधी मी पण बराच वेळ बसले होते. मग म्हटलं, तिचं राहिलेलं काम आहे, आपण करू.

तुम्ही पोचवायला गेला नाहीत ते मनाला लावून घेतलंय, हे मला पत्रातून कळलं. ती तुमच्या वर्गातून परत आली तेव्हा मी तिला म्हटलं, सरांना सांगू का सोडायला यायला? ती म्हणाली, "नको, सातवीची पोरं मोकळी सुटली तर वर्ग डोक्यावर घेतील." घरापर्यंत मी गेले तिच्याबरोबर. वाटेत ती माझ्या ओल्या साडीवरून मला चिडवत होती. एवढं दुखत नव्हतं तिला तेव्हा. हे तुम्हाला कोणीतरी आधीच सांगायला हवं होतं, आणि कोणीतरी म्हणजे मी.

आता मशीनचं ऐका. बटण दाबलं, विचारलं नक्की का, मी म्हटलं नक्की. मग काळं झालं. बराच वेळ काळंच. आणि मग तो सूर वाजला, जुनी सिस्टीम पहिल्यापासून सुरू होताना वाजायचा तो. चार वर्षांत ऐकला नव्हता, आपण तिला कधी पुरती बंदच केली नाही ना. स्पीकर मोठा होता, व्हरांड्यात ऐकू गेला. पडदा स्वच्छ आला. खाली पट्टीवर काही नव्हतं. मी धड्यांचा कप्पा उघडून मोजले. चाळीस. परत मोजले.

दुपारी पाचवीचा वर्ग आणला. बारावा धडा लावला. ताई म्हणाली, "एकदा सांगेन, दुसऱ्यांदा सांगणार नाही," आणि नेहमीसारखं दुसऱ्यांदाही सांगितलं. पोरं टाइप करत होती. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटच्या शब्दापर्यंत हलल्या नाहीत. मग मला विचारलं, "या कोण?" मी म्हटलं, "माझी बहीण." त्यांनी चेंडूंची जाळी स्वतः उचलली आणि जिन्याखाली नेऊन ठेवली. खोलीचं काही बोलल्या नाहीत, पण सोमवारी सहावीलाही आणू का असं विचारून गेल्या.

चिरंजीवाला सांगितलंय, रविवारी येऊन चाळीसही धडे बाहेर काढून दे, एक प्रत तुझ्या बाबांच्या टेबलावर राहील असं कर. तो हो म्हणाला. तुम्ही ऐकायचं यंत्र कानाला लावा तेवढं. डॉक्टरने दिलेलं कपाटात पडलंय असं सूनबाईंनी मला सांगितलंय.

आणि तो धडा पुरता गेला असं समजू नका. मला येतो. फरशी पुसता पुसता ऐकलाय, नंतर चार वर्षं मनात घोकलाय. कागद घ्या, मी सांगते, तिच्यासारखं जमणार नाही. खुर्ची. खडू. खिडकी. वायर. दप्तर. घड्याळ. सातवा शब्द सांगताना ती माझ्याकडे बघत होती आणि म्हणाली, बहीण.

आठवा काय होता ते कोणालाच ठाऊक नाही. सात लिहून पाठवा. मला तपासता येत नाही, मी मोठ्या बाईंकडून तपासून घेईन.

धाकटी